वाचकांचे प्रश्न : सहा तास एक्केचाळीस मिनिटे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे मी मुद्दाम एकत्र घेतली आहेत. तिन्ही पत्रे सातारा शहर आणि परिसरातून आली आहेत, ती लिहिणारे एकमेकांना ओळखत नसावेत, पण तिघांचा विषय एकच आहे : लांब पल्ल्याची शर्यत नुसती पूर्ण करण्याला काही किंमत आहे का. पहिले पत्र लांब आहे आणि माझे त्यावरचे उत्तर त्याहून लांब झाले आहे, त्याबद्दल वाचकांनी राग मानू नये.

पत्र पहिले

स. न. वि. वि.

मी ५१ वर्षांची असून साताऱ्यातील एका पतसंस्थेत नोकरी करते. काही वर्षांपूर्वी रक्तातील साखर वाढल्याचे समजले, तेव्हा डॉक्टरांच्या सांगण्यावरून रोज पहाटे गोडोलीहून ‘चार भिंती’ या स्मारकापर्यंत चालायला सुरुवात केली. चालता चालता अजिंक्यतारा किल्ल्याचा चढ अंगवळणी पडला, मग सपाटीवर थोडे थोडे धावू लागले. यवतेश्वरच्या घाटातील अर्धमॅरेथॉन दोनदा पूर्ण केली आणि २०२४ च्या जानेवारीत धीर करून मुंबईची पूर्ण मॅरेथॉन धावले. मला ६ तास ४१ मिनिटे लागली. पहिले अर्धे अंतर ३ तास १६ मिनिटांत आणि दुसरे ३ तास २५ मिनिटांत झाले. चार मिनिटे धावायचे आणि एक मिनिट चालायचे, असे मी आधीच ठरवले होते आणि शेवटपर्यंत तसेच केले. परतीच्या वाटेवर पेडर रोडच्या चढावर काही तरुण मुले पोटऱ्या धरून दुभाजकावर बसलेली दिसली. शेवटची रेषा ओलांडली तेव्हा मला रडू आवरले नाही.

घरी परतल्यावर दीर म्हणाले, “वहिनी, एवढ्या वेळात एसटी साताऱ्याहून मुंबईला पोहोचते.” सगळे हसले, मीही हसले. यजमान म्हणाले, “चालत गेली असतीस तरी तेवढाच वेळ लागला असता.” पतसंस्थेत सगळ्यांचा प्रश्न एकच होता, की कितवा नंबर आला. तेव्हापासून कोणी विचारले तर “नुसती पूर्ण केली हो,” असे सांगून मी विषय बदलते. पदक कपाटात साड्यांच्या खाली आहे. नुसते अंतर कापण्यात कसले आले आहे कौतुक, असे माझे मलाच वाटू लागले आहे. आणि तरीही पहाटे एकटी असताना त्या दिवसाची आठवण आली, की आत काहीतरी भरून येते. नुसत्या पूर्ण करण्याचे समाधान मानणे म्हणजे स्वतःची समजूत घालणे आहे का?

एक वाचक भगिनी, सातारा

उत्तर

ताई, तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्या वेळी हातात पेन्सिल घेऊन वाचले. ‘नुसती’, ‘नुसते’, ‘नुसत्या’ असे तीन वेळा तुम्ही लिहिले आहे, आणि ज्या वाक्यावर तुमच्या प्रश्नाच्या उत्तराचा सगळा भार ठेवता येईल ते वाक्य मात्र जाता जाता लिहून टाकले आहे. पहिले अर्धे अंतर ३ तास १६ मिनिटांत आणि दुसरे ३ तास २५ मिनिटांत. म्हणजे २१ किलोमीटर पायांखालून गेल्यानंतरच्या २१ किलोमीटरना तुम्हाला केवळ ९ मिनिटे जास्त लागली. मी आयुष्यभर शाळेत शारीरिक शिक्षण शिकवले आहे आणि गळ्यात स्टॉपवॉच अडकवून पुष्कळ मुलांना धावताना पाहिले आहे. त्या अनुभवावर सांगतो, की हे आकडे धावण्याची जाण असलेल्या माणसाचे आहेत.

असे का म्हणतो ते नीट सांगितले पाहिजे. आपल्या स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजनच्या रूपात साखरेचा साठा असतो. माणूस जितक्या जोराने धावतो तितका तो साठा लवकर उपसला जातो, आणि सुरुवातीला अंगात हुशारी असताना जे जोरात सुटतात त्यांचा साठा बहुधा ३० किलोमीटरच्या आसपास तळाला जातो. त्यापुढे पाय शिशाचे होतात, डोके चालत नाही आणि एकेक किलोमीटर डोंगराएवढा वाटू लागतो. धावणारे लोक त्याला ‘वॉल लागणे’ म्हणतात. पेडर रोडच्या दुभाजकावर तुम्हाला जी मुले दिसली त्यांतील काहींचे बहुधा हेच झाले असावे. ती तुमच्याहून कितीतरी वेगवान असतील, पण त्या दिवशी त्यांचा हिशेब चुकला आणि तुमचा चुकला नाही. पहाटे पाच वाजता, हजारो माणसे बाजूने पुढे निघून जात असताना, चार मिनिटे झाली की एक मिनिट चालायचे हा स्वतःशी केलेला करार पाळायला संयम लागतो. माझ्याकडे तो कधीच नव्हता. यवतेश्वरला मी दोनदा धावलो आणि दोन्ही वेळा समर्थ मंदिराच्या पुढे चढ लागताच कोणाच्या तरी मागे ओढला जाऊन घाटातच दम टाकला.

मध्ये चालणे ही लबाडी आहे, असे तुमच्या मनात असेल तर तेही काढून टाका. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये १० हजार मीटर धावलेला अमेरिकन धावपटू जेफ गॅलोवे याने ठरवून धावणे आणि ठरवून चालणे ही पद्धत त्याच दशकात शिकवायला घेतली आणि ती आजही जगभर वापरली जाते. थकल्यावर नाइलाजाने चालणे आणि थकवा येण्याआधी ठरवून चालणे यांत मोठा फरक आहे. तुम्ही दुसऱ्या प्रकारात मोडता.

आता यजमानांच्या वाक्याकडे येऊ, कारण ते गणिताने तपासता येते. मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर आहे. निरोगी माणूस झपझप चालला तर ताशी ५ किलोमीटरचा वेग धरतो. कोठेही न थांबता, पाण्यासाठीसुद्धा न रेंगाळता, याच वेगाने कोणी अखेरपर्यंत चालत गेला तर त्याला ८ तास २६ मिनिटे लागतील. मोठ्या शर्यतींची वेळेची मर्यादा साधारणपणे सहा ते आठ तासांच्या दरम्यान असते. त्यामुळे चालत जाणारा माणूस शेवटच्या रेषेवर पोहोचेपर्यंत तेथील कमानही उतरवलेली असेल. तुमचा सरासरी वेग ताशी ६.३ किलोमीटर पडतो. यजमानांना माझा नमस्कार सांगावा आणि एखाद्या रविवारी गोडोली ते चार भिंती हे अंतर ताशी ६.३ किलोमीटरने येऊन दाखवावे, अशी माझ्या वतीने विनंती करावी. दिरांच्या एसटीविषयी मला काही म्हणायचे नाही, कारण तो विनोद चांगला आहे.

‘कितवा नंबर आला’ या प्रश्नात मात्र माझाही दोष आहे. शाळेच्या क्रीडामहोत्सवात मी रेषेवर उभा राहत असे आणि पहिल्या तिघांची नावे व वेळा लिहून झाल्या, की वही मिटत असे. मागून येणारी मुले वही मिटलेली बघत रेषा ओलांडत. त्यांतली काही मुले नंतर मैदानावर दिसलीच नाहीत, आणि ती का दिसत नाहीत असा प्रश्न मला निवृत्त होईपर्यंत पडला नाही. आपल्याकडे धावणे म्हणजे शर्यत, आणि शर्यत म्हणजे पहिले तीन क्रमांक, हे समीकरण माझ्यासारख्या शिक्षकांनीच दोन-तीन पिढ्यांच्या डोक्यात बसवले आहे. तुमचे सहकारी तुम्हाला कमी लेखण्यासाठी तसे विचारत नसावेत. शाळेत त्यांना धावण्याबद्दल एवढा एकच प्रश्न शिकवला गेला होता.

मॅरेथॉनला हा प्रश्न विचारणे तसे विचित्रच आहे. १८९६ साली अथेन्सच्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये जी मॅरेथॉन झाली तिचे अंतर ४० किलोमीटरच्या आसपास होते आणि स्पिरिदोन लुईस या ग्रीक तरुणाने ती २ तास ५८ मिनिटे ५० सेकंदांत जिंकली. आज अनेक हौशी धावपटू त्याहून मोठे अंतर त्याहून कमी वेळात धावतात, म्हणून लुईसचे मोल घटले असे कोणी म्हणत नाही. ४२.१९५ हा चमत्कारिक आकडा १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधला आहे. विंडसरच्या राजवाड्यापासून निघून स्टेडियममधील राजघराण्याच्या आसनांसमोर शर्यत संपावी, अशा सोयीने ते अंतर भरले आणि १९२१ मध्ये तेच कायम करण्यात आले. बायकांना तर ऑलिंपिकमध्ये हे अंतर धावायला १९८४ साल उजाडावे लागले. तुमचा जन्म त्याच्या आधीचा आहे. तुम्ही शाळेत जात होता तेव्हासुद्धा बाईच्या शरीराला हे अंतर झेपत नाही असे मानणारे जाणते लोक होते. यातील वेळ बदलत राहिली, कोणी किती वेळ चांगला मानायचा हेही बदलत राहिले, पण अंतर ठरल्यावर ते सर्वांना सारखेच राहिले. २०२३ मध्ये शिकागोत केनियाचा केल्विन किप्टुम २ तास ३५ सेकंदांत जितके धावला, तितकेच तुम्ही धावलात. त्याला त्यासाठी दोन तास रस्त्यावर राहावे लागले, तुम्हाला पावणेसात.

फौजा सिंग यांचे उदाहरण देऊ की नको, असा मला प्रश्न पडला होता. २००० साली लंडनमध्ये त्यांनी पहिली मॅरेथॉन पूर्ण केली तेव्हा त्यांचे वय ८९ सांगितले जात होते आणि त्यांना ६ तास ५४ मिनिटे लागली होती. दीर हे वाचतील तर पुढचा विनोद मीच त्यांच्या हातात दिला, असे होईल. तरीही देतो, कारण वयाचा विक्रम म्हणून सांगितली जाणारी ही गोष्ट मला वेगळ्याच कारणासाठी महत्त्वाची वाटते. पत्नी आणि मुलगा यांच्या मृत्यूनंतर त्या माणसाने म्हातारपणी धावण्याला जवळ केले होते. त्यांना त्यात जे मिळत असेल ते घड्याळात मावणारे नसावे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलतो. सावकाश धावणारे काही लोक हल्ली असे बोलू लागले आहेत, की वेगाने धावणारे आंधळेपणाने पळतात आणि आम्ही तेवढे आजूबाजूचे जग बघत, आनंद घेत जातो. ही उलट दिशेची फुशारकी आहे. वेगाने धावणाऱ्यालाही त्याच्या धावण्यात आनंद असतो आणि त्याचे कष्ट आपल्यापेक्षा कमी नसतात. तुम्हाला पुढच्या वेळी ६ तास २० मिनिटांत धावावेसे वाटले तर त्यात पहिल्या समाधानाचा अपमान नाही. न वाटले तरी काही बिघडत नाही.

तुमच्या पत्रात खरे तर दोन दुखणी एकत्र आली आहेत. पहाटे आठवण आल्यावर भरून येते, ते समाधान तुमच्याजवळ आहेच आणि ते खरे आहे की खोटे, हे ठरवायला तुम्हाला माझी गरज नाही. तुम्हाला खुपते आहे ते एवढेच, की ज्यांच्यासोबत आयुष्य काढले त्यांना त्या दिवशी काय घडले ते कळले नाही. त्यांना ते कळण्याचा मार्गही नव्हता. पहाटे चारला उठून तुम्ही बाहेर पडत होता तेव्हा ते झोपलेले असत. त्यांनी फक्त शेवटचा आकडा ऐकला. पुढच्या लांब पल्ल्याच्या सरावाला यजमानांना स्कूटर घेऊन यवतेश्वरच्या देवळाशी पाण्याची बाटली आणि खजूर घेऊन उभे राहायला सांगा. पावसाळ्यात त्या वळणावर असे धुके असते, की माणूस दहा पावलांवर येईपर्यंत दिसत नाही. त्या धुक्यात अर्धा-पाऊण तास वाट पाहिल्यावर तुम्ही चढावरून वर येताना त्यांना दिसलात, तर पुढचे बोलणे बहुधा निराळे होईल. आणि ते पदक साड्यांच्या खालून काढा. धातू कापडावर डाग पाडतो.

पत्र दुसरे

सा. न.

मी गेली अकरा वर्षे धावतो आहे. अर्धमॅरेथॉन दीड तासाच्या आत धावण्यासाठी मी कोणकोणत्या गोष्टी सोडल्या ते माझे मला माहीत. अलीकडे कोणीही उठतो, नाव नोंदवतो, गप्पा मारत चालत जातो, वाटेत फोटो काढतो आणि माझ्याच गळ्यात आहे तसले पदक गळ्यात घालून घरी जातो. मॅरेथॉन पूर्ण करणे या शब्दांना काही अर्थ उरला आहे का? मी गर्विष्ठ आहे असे वाटले तर तसे लिहा.

एक वाचक, कोडोली, सातारा

उत्तर

तुम्ही गर्विष्ठ वाटत नाही, दुखावलेले वाटता. दीड तासाच्या आत २१ किलोमीटर धावण्यामागे किती पहाटा आणि किती नाकारलेली ताटे असतात, याची मला कल्पना आहे. तुमच्या तक्रारीत एक भाग बरोबर आहे आणि तो आधी मान्य करतो. सराव न करता, रस्त्याचे नियम न पाळता, चौघांनी हातात हात घालून रस्ता अडवत चालणाऱ्या आणि मागून येणाऱ्याला वाट न देणाऱ्या लोकांचा कोणालाही राग येईल. पण तो राग त्यांच्या तयारीच्या अभावाचा आणि बेफिकिरीचा असावा. तुम्ही तो त्यांच्या वेगावर काढता आहात. वरचे पत्र वाचले असेल तर तुमच्या लक्षात येईल, की साडेसहा तास घेणारा माणूसही तुमच्याइतक्याच काटेकोरपणे तयारी करून आलेला असू शकतो, आणि दीड तासात धावू शकणारा माणूसही एखाद्या वर्षी बिनतयारीने येऊन उलट्या करत बसू शकतो.

पदक सारखे असते, कारण ते अंतराचे असते. तुमचे कष्ट तुमच्या वेळेत नोंदवलेले आहेत आणि ती वेळ दुसऱ्या कोणाच्याही प्रमाणपत्रावर छापली जात नाही. आपल्याच जिल्ह्यातील माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर हिने मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीन वर्षे पहिली येऊन दाखवले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३ हजार मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांवरून धावण्याच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत ती दहावी आली. पहिल्या तिघांपुरतीच वही ठेवणाऱ्या माझ्यासारख्याच्या हिशेबात दहावा क्रमांक कोठेच लिहिला जात नाही. त्या दिवशी टीव्हीसमोर बसून मी तो दहावा क्रमांक स्वतःच्या हाताने वहीत लिहिला, आणि मग मागची पाने चाळताना मला लाज वाटली.

शिवाय एक व्यवहाराची गोष्ट आहे, ती कडू लागली तरी सांगतो. सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून होते आहे. यवतेश्वरचा रस्ता त्या सकाळी वाहनांसाठी बंद राहतो, जागोजागी पाण्याची टेबले लागतात, वैद्यकीय पथके उभी राहतात, सातारकर पहाटे ढोल-ताशा घेऊन कोपऱ्यांवर येतात. हे सगळे केवळ दीड तासात धावणाऱ्या मूठभरांसाठी कोणी केले असते असे मला वाटत नाही. तुमच्या मागून येणाऱ्या हजारोंच्या नोंदणीवर तुमचा मोकळा रस्ता उभा आहे.

पत्र तिसरे

नमस्कार.

मी ४३ वर्षांचा आहे, वजन जास्त आहे. या वर्षी घाटातील अर्धमॅरेथॉनमध्ये पहिल्यांदा उतरलो. वर वळणापर्यंत पोहोचलो, परतीला उतारावर गुडघे दुखू लागले, पाण्याच्या प्रत्येक टेबलावर दोन-दोन ग्लास पाणी प्यायलो तरी डोके जड होत गेले आणि वेळेची मर्यादा संपल्यावर मागून येणाऱ्या गाडीत बसावे लागले. साधारण १८ किलोमीटर झाले होते. सगळे म्हणतात, प्रयत्न केलास हेच मोठे. मला तसे वाटत नाही. मी चुकतो आहे का?

एक वाचक, सदरबझार, सातारा

उत्तर

तुम्ही चुकत नाही. तुमची शर्यत पूर्ण झाली नाही आणि त्याचे वाईट वाटणे योग्यच आहे. पूर्ण करण्याला किंमत आहे असे मी वरच्या दोन उत्तरांत सांगितले. ती किंमत खरी असेल तर अपूर्ण राहण्याचे दुःखही खरे असले पाहिजे. लोक सांत्वन करतात ते प्रेमाने, ते ऐकून घ्यावे. जपानचा शिझो कानाकुरी १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये उन्हाने बेजार होऊन वाटेतच थांबला, एका घरच्या बागेत त्याला प्यायला मिळाले आणि आयोजकांना न कळवताच तो मायदेशी परतला. १९६७ मध्ये स्वीडनच्या लोकांनी त्याला बोलावून ती शर्यत पुरी करवून घेतली. त्याची वेळ ५४ वर्षे, ८ महिने, ६ दिवस आणि वर काही तास-मिनिटे अशी नोंदली गेली. तोवर तो आजोबा झाला होता.

तुमच्या पत्रातील पाण्याचा उल्लेख मात्र मला अस्वस्थ करतो, म्हणून त्यावर जरा थांबतो. सावकाश धावणाऱ्याला तहानेइतकाच धोका जास्त पाण्याचा असतो, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. जो अधिक वेळ रस्त्यावर असतो त्याच्या वाटेला पाण्याची टेबले तितकीच येतात, पण तेथे थांबून पोटभर पिण्याची सवड त्याला जास्त मिळते. घाम कमी आणि पाणी जास्त झाले, की रक्तातील सोडियम पातळ होते. डोके जड होणे, मळमळणे, गोंधळल्यासारखे वाटणे ही त्याची लक्षणे असू शकतात. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंचे रक्त शर्यतीनंतर तपासले गेले तेव्हा १३ टक्के लोकांत सोडियम प्रमाणापेक्षा कमी आढळले, आणि शर्यतीत वजन वाढणे व चार तासांहून जास्त वेळ लागणे यांचा त्याच्याशी संबंध दिसला. तुमच्या बाबतीत हेच झाले असे मी लांबून म्हणू शकत नाही. ते डॉक्टरांना विचारा, आणि पुन्हा उतरण्याआधी हृदयाची तपासणीही करून घ्या. पुढच्या वेळी प्रत्येक टेबलावर सक्तीने दोन ग्लास न पिता तहान लागेल तेवढेच प्या.

गुडघ्यांचे कारण उतारात आहे. यवतेश्वरचा घाट चढताना छाती फुटते म्हणून लोक चढाचीच तयारी करतात, पण उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार झेलतो आणि त्याला तशी सवय नसेल तर तो लवकर हार मानतो. मग सगळा मार गुडघ्यावर येतो. आतापासून आठवड्यातून एकदा अजिंक्यताऱ्यावर सावकाश चालत चढा आणि लक्ष उतरण्याकडे द्या. पाऊल लहान टाका, टाच पुढे फेकू नका, अंग मागे रेलू नका. पहिले दोन महिने उतारावर अजिबात धावू नका. पावसाळा सुरू झाल्यावर त्या रस्त्याच्या कडेला शेवाळ धरते, तेव्हा रस्त्याच्या मधोमध चाला आणि मागून येणाऱ्या गाड्यांकडे कान ठेवा.